तीन ठोशांची परीक्षा

धनेशने नव्या नोकरीचं पत्र देव्हाऱ्यात ठेवलं, त्याला हळदकुंकू वाहिलं आणि पेढ्यांचा पुडा आईपुढे धरला. ठकुबाईने पेढा उचलला, ओठांपर्यंत नेला आणि तिथेच थांबवला.

"कनची कंपनी म्हनालास?"

"खेकडा टेप. खोक्यांना लावायची ब्राउन टेप बनवतात. एरिया मॅनेजर झालो, आई! पगार दीडपट."

"अरं, पन त्यांची टेप चिकटत न्हाय ना?"

"असं कोण म्हणतं?"

"तूच म्हनतंस. तीन वर्सं म्हनतंस. गनपतीला मखर बांधताना पावन्यांना बसवून सांगलंस, खेकडा घेव नका, तो सवताला सुदा चिकटत न्हाय."

आतून त्याच्या बायकोने, हेमालीने, भाकरी थापता थापता पुस्ती जोडली, "आमच्या घरी मला बघायला आले होते, तेव्हा बाबांना पण यांनी हेच सांगितलं. आम्हाला वाटलं, मुलगा निर्व्यसनी दिसतोय, दुसरं काही बोलतच नाही."

पेढा शेवटी ठकुबाईच्या पोटात गेला आणि धनेशच्या डोक्यात प्रकाश पडला. मॅनेजर या शब्दाच्या नादात एक साधी गोष्ट त्याच्या लक्षातच आली नव्हती. ज्या मालाची त्याने तीन वर्षं गावभर बदनामी केली, तोच माल आता त्याला त्याच गावात विकायचा होता.

भिवंडीत माणसांपेक्षा खोकी जास्त, हे धनेशच्या शेलार गावातलं शेंबडं पोरही सांगेल. साडीपासून शेगडीपर्यंत देशातल्या निम्म्या वस्तू इथल्या गोदामांत येऊन विसावा घेतात आणि खोक्यात बसून पुढच्या प्रवासाला लागतात. प्रत्येक खोक्याला टेप लागते, आणि टेप म्हटली की इथे दोनच नावं, गेंडा आणि खेकडा. धनेश तीन वर्षं गेंड्याकडे होता. दोन्ही टेपांत फरक काय, म्हणाल तर छापलेल्या जनावराचा. पण फरक नाही म्हटल्यावर सेल्समनने खायचं काय? म्हणून धनेशने तीन ठोशांची परीक्षा काढली होती.

गिऱ्हाइकासमोर तो दोन खोकी ठेवी. पहिल्या खोक्यावरची धूळ रुमालाने पुसून गेंडा टेप लावी, वरून तीन ठोसे मारी. खोकं ढिम्म. मग तो जरा विचारात पडल्यासारखं करी, डोक्यावरून हात फिरवी, त्याच हाताने दुसऱ्या खोक्यावरची धूळ झटकी आणि तिथे खेकडा टेप लावी. तिसऱ्या ठोशाला खोकं आ वासे. गिऱ्हाईकही आ वासे. गुपित एवढंच, की धनेशच्या डोक्यावर रोज सकाळी ठकुबाई वाटीभर खोबरेल थापत असे. तेलकट पुठ्ठ्यावर टेप काय, पाल चिकटणार नाही.

या परीक्षेने खेकड्याला भिवंडीतून हद्दपार केलं. तेव्हा खेकड्याच्या मेघाली मॅडमनी सरळ विचार केला, की जो आपल्याला बुडवतो तो बुडवणाराच आपल्याकडे ओढावा. अट एकच घातली. तीन महिन्यांच्या आत महिन्याला चारशे पेट्यांची ऑर्डर. नाही आली तर चौथा महिना नाही. परतीची वाट धनेशने स्वतःच बुजवली होती. निरोपाच्या दिवशी तो गेंड्याच्या मालकाला म्हणाला होता, "तुमच्या गेंड्याला शिंग होतं कुठे? मीच लावलं." मालकाने नारळ दिला, तो हातात ठेवण्याऐवजी टेबलावर आपटून दिला.

पहिल्या दिवशी धनेश कोन गावाला गेला. तिथल्या मोठ्या गोदामाचा मुकादम पंढरी. धनेशच्या वडिलांच्या वयाचा, पण धनेशला गुरू मानणारा.

"पंढरीमामा, आपण आता खेकड्यात आहोत."

पंढरीने हातातली तंबाखू चोळायची थांबवली. "काय सांगतंस! पोटापान्यासाठी मानूस काय काय करतो बग. बस, च्या पी."

"मामा, माल आता एकदम भारी आहे."

"आसल ना. परीक्षा घेव."

"मी घेतो."

"तू कशाला? तू आता त्यांचा मानूस. तुज्यावर माजा इस्वास न्हाय धनेश, तुज्या परीक्षेवर हाय."

आणि पंढरीने परीक्षा घेतली. काय सांगावं! रुमाल, गेंडा, तीन ठोसे, सगळं जसंच्या तसं. मग त्याने कपाळाला आठ्या घालून विचारात पडल्यासारखं केलं, डोक्यावरून सावकाश हात फिरवला आणि त्याच हाताने दुसऱ्या खोक्यावरची धूळ झटकली. पंढरीच्या डोक्यावर जास्वंदीचं घरगुती तेल होतं. धनेशला तीन ठोसे तरी लागत, पंढरीचं खोकं पहिल्यालाच उघडलं.

"मामा, तो डोक्यावरून हात कशाला फिरवलात?"

"तू फिरवायचास."

"अहो, मी असाच फिरवायचो!"

"कशाला ते मना म्हाईत न्हाय. पन देवाच्या नि कामाच्या ठिकानी रीत मोडू नये."

धनेशच्या तोंडाशी खरं कारण आलं होतं. पण ते सांगायचं म्हणजे तीन वर्षं आपण लबाडी करत होतो हेही सांगायला हवं. त्याने चहाबरोबर तेही गिळलं.

दुसऱ्या दिवशी तो नारपोलीत नसीमभाईंच्या ओढण्यांच्या गोदामात गेला. जाताना त्याला एकच आशा होती. नसीमभाईंच्या डोक्यावर औषधालाही केस नव्हता. नुसतं चकाकतं टक्कल.

नसीमभाईंनी रुमालाने खोकं पुसलं, गेंडा लावला, तीन ठोसे मारले. मग हात टकलापर्यंत नेला आणि थांबले. धनेशने मनातल्या मनात हात जोडले.

"धनेशभाय, मेरे सर पे तो ये बराबर होता नहीं," नसीमभाई म्हणाले. "हात सुकाच राहतो. म्हणून आम्ही माणूस ठेवलाय." आणि त्यांनी आत हाक दिली, "मुनीमजी! जरा सर लेके आओ!"

साठीचे मुनीमजी चष्मा सावरत आले आणि सवयीने मान खाली घालून उभे राहिले. नसीमभाईंनी त्यांच्या चमेलीच्या तेलाने थबथबलेल्या केसांवरून मनसोक्त हात फिरवला आणि खोक्याची धूळ झटकली. खोकं उघडलं. मुनीमजी मान वर करून म्हणाले, "देखा? अपना सर कभी झूठ नहीं बोलता."

महिनाभर हेच चाललं. धनेशने स्वतः तेल लावणं बंद केलं, पण गावाच्या डोक्यावरचं तेल तो कसं पुसणार? त्याने आधीच टेप लावलेली खोकी नेऊन पाहिली, तर लोक म्हणाले, तयार खोकं आणतोस म्हणजे काहीतरी काळंबेरं आहे. त्याने गिऱ्हाइकांना हात पुसायला सुगंधी कागद वाटले. लोकांनी ते खिशात घातले आणि डोक्यावरून हात फिरवला. आपण इतके चांगले शिक्षक आहोत, हे धनेशला आयुष्यात पहिल्यांदाच कळत होतं. शाळेत बाईंना त्याला एक पाढा शिकवता आला नव्हता, आणि त्याने नुसत्या हातवाऱ्यांनी अख्खा तालुका शिकवून सोडला होता.

दुसरा महिना गेला. तिसऱ्याचे शेवटचे तीन दिवस उरले. ऑर्डर एकूण अकरा पेट्या, त्यातल्या दोन हेमालीच्या भावाने बहिणीकडे बघून घेतलेल्या.

आणि अचानक मेघाली मॅडमचा फोन आला. "धनेश, भाविकशेठनी स्वतःहून बोलावलंय. कपडे ऑनलाइन विकतात ते. महिन्याला चारशे पेट्या घेऊ शकतात. मी पण येते. हे जमलं तर तू राहिलास."

"आणि नाही जमलं तर?"

"तर मला वाईट वाटेल," मॅडम म्हणाल्या. त्यांच्या आवाजावरून ते वाईट फार वेळ वाटणार नव्हतं.

भाविकशेठचं गोदाम म्हणजे एक गावच. आत शिरताना डाव्या हाताला खोक्यांचा डोंगर होता आणि पाच-सहा बायका सुऱ्या घेऊन एकेक खोकं कापत, फाडत, शिव्या घालत बसल्या होत्या. मॅडम तिथे क्षणभर थबकल्या. धनेशचं लक्ष नव्हतं. तो काय बोलायचं ते पाठ करत होता.

"ये ये, धनेशभाई!" भाविकशेठनी खुर्ची दिली. "तुझी परीक्षा आम्ही विसरलो नाय हां. मागच्या वर्षी तपासणीवाले आले, बोलले सगळं लिहून लावा. ते बघ."

भिंतीवर चौकटीत, प्लॅस्टिकच्या आवरणात झळकत होतं: 'टेप तपासणीची पद्धत. एक, रुमालाने खोके पुसून गेंडा लावणे व तीन ठोसे मारणे. दोन, विचार करणे. तीन, डोक्यावरून हात फिरवणे. चार, त्याच हाताने दुसऱ्या खोक्याची धूळ झटकून खेकडा लावणे व तीन ठोसे मारणे.' खाली शिक्का आणि सही.

मॅडमनी ते दोनदा वाचलं. "दोन, विचार करणे," त्या पुटपुटल्या आणि त्यांनी धनेशकडे पाहिलं. धनेशने छताकडे पाहिलं.

शेठनी स्वतः परीक्षा घेतली. गेंडा ढिम्म राहिला. मग विचार, मग डोकं, मग धूळ. खेकड्याच्या खोक्याने पहिला ठोसा सोसला, दुसरा सोसला आणि तिसऱ्याला ते अलगद उघडलं.

"बस!" शेठ खुश होऊन म्हणाले. "मला हेच बघायचं होतं."

धनेशच्या कानशिलांतून वाफा निघाल्या. त्याला वाटलं, मॅडमसमोर आपली टिंगल करायलाच शेठनी बोलावलं. तीन महिन्यांचं सगळं एकदम वर आलं, मुनीमजींचं खाली घातलेलं डोकं, पंढरीची रीत, हेमालीच्या भावाच्या दोन पेट्या. तो उठून उभा राहिला.

"शेठ, ते तेल आहे!"

टेबलाखालून मॅडमनी त्याचा पाय दाबला. धनेशने पाय बाजूला घेतला.

"कसलं तेल?" शेठनी विचारलं.

"डोक्याचं! शेठ, तीन वर्षं मी सगळ्यांना फसवलं. तेलकट हात फिरवायचो खोक्यावर. टेपचा काही दोष नाही."

"धनेश," मॅडम दातांतून म्हणाल्या, "शेठना आधी बोलू दे."

"नाही मॅडम, आज मला बोलू द्या!" धनेश आता थांबणारा नव्हता. आयुष्यात पहिल्यांदाच खरं बोलत होता, आणि ते इतकं चविष्ट लागेल याची त्याला कल्पना नव्हती. त्याने नवं खोकं घेतलं, रुमालाने पुसलं आणि खेकडा लावला. "आता मारा ठोसे!"

शेठनी तीन मारले. चौथा पद्धतीत बसत नव्हता, तोही मारला. मग एका हमालाला वर उभं केलं. शेवटी शेठ स्वतः बसले, आणि शेठ म्हणजे हमालाच्या दुप्पट. खोकं दबलं, चेपलं, त्याची पोळी झाली, पण टेप जागची हलली नाही. शेठनी नखाने ती ओढून पाहिली, तर पुठ्ठ्याची साल निघून आली.

"बघितलंत?" धनेशचा ऊर भरून आला होता.

शेठ त्या पोळीवर तसेच बसून राहिले. घरातलं कुणी गेल्यासारखा चेहरा झाला होता. "हे काय केलंस तू, धनेशभाई?"

"का, काय झालं?"

"अरे, तो बाहेरचा डोंगर नाय बघितला? सगळा परत आलेला माल. लोक तीन साइज मागवतात, दोन परत पाठवतात. खोकं परत वापरायचं असतं आम्हाला, पण तुझा गेंडा निघत नाय, खोकी फाडावी लागतात. मला वाटलं, खेकडा बरा. दोन ठोसे खाऊन टिकतो म्हणजे रस्त्यात टिकणार, आणि तिसऱ्याला सुटतो म्हणजे इथे हाताने निघणार. तू तीन वर्षं बोंबलून सांगितलंस म्हणून तर बोलावलं! हा कागदपण टाइप केला होता." त्यांनी खिशातून चारशे पेट्यांची ऑर्डर काढली, प्रेमाने पाहिली आणि पुन्हा घडी घातली.

धनेशने घाईघाईने रुमाल खिशात कोंबला. "शेठ... थोडं तेल लावून घेतलं तर?"

"दिवसाला चार हजार खोकी जातात माझी. एवढी डोकी कुठून आणू?"

परतताना दोघं मॅडमच्या गाडीत बसले. पुढे कंटेनरांची रांग लागली होती आणि गाडी मुंगीच्या पावलाने सरकत होती. मॅडमनी हेड ऑफिसला फोन लावला. पलीकडच्या साहेबांचा आवाज एवढा दांडगा, की धनेशला शब्द न् शब्द ऐकू येत होता.

"ऑर्डर गेली, सर."

"का? टेप चिकटली नाही का?"

"चिकटली, म्हणून."

मग मॅडमनी सगळं सांगितलं, अगदी मुनीमजींसकट. धनेश खिडकीबाहेर बघत शेलारच्या घरी काय सांगायचं याची जुळवाजुळव करत होता. आईला सांगणं एक वेळ सोपं. हेमालीच्या बाबांनी 'आमचे जावई मॅनेजर' म्हणून भावकीत जेवण घातलं होतं.

"म्हणजे," साहेबांनी विचारलं, "ऑर्डर हातात येत होती, तुमचा पाय त्याच्या पायावर होता, आणि तरी हा माणूस उभा राहून खरं बोलला?"

"हो, सर."

"मग हा सेल्समध्ये काय करतोय? ताबडतोब काढा त्याला."

धनेशने डोळे मिटले.

"काढते, सर. उद्यापासून नको म्हणून सांगू?"

"घरी नाही हो पाठवायचा! कारखान्यात पाठवा, माल तपासायला. कितीतरी वर्षं मी तिथे एक खरं बोलणारा माणूस शोधतोय. जो येतो तो म्हणतो, सर, सगळं उत्तम आहे."

मॅडमनी फोन ठेवला आणि धनेशकडे बघितलं. "पगार तोच राहील. पण मॅनेजर वगैरे काही नाही. रोज सकाळी आठ ते पाच, तू आणि टेप."

धनेश उरलेला रस्ताभर मनातल्या मनात हिशेब मांडत राहिला. पंधरा वर्षं त्याने जिभेवर पोट भरलं होतं. फ्रिज विकले, विमा विकला, न झालेल्या इमारतींतले न दिसणारे फ्लॅट विकले, आणि या सगळ्यात एकदाही कुणी त्याला खरं बोलणारा म्हटलं नव्हतं. रागाच्या एका झटक्यात, अर्ध्या तासात, त्याने ती सगळी कमाई घालवली. पुढच्या आठवड्यापर्यंत बातमी कोनपासून नारपोलीपर्यंत पोहोचली, आणि तेव्हापासून भिवंडीत धनेशला कुणी सेल्सची नोकरी देत नाही. नाव निघालं की लोक मान हलवतात आणि हळहळून म्हणतात, "माणूस चांगला होता हो. पण एकदा खरं बोलला."