कुंडी क्रमांक सातचे गैरवर्तन

नोंदणी कार्यालयाच्या दुसऱ्या मजल्यावरील जास्वंदीच्या कुंडी क्रमांक सातमधले झाड खिडकीकडे झुकले असल्याची बाब सोमवारी सकाळी साडेदहा वाजता मोठ्या साहेबांच्या निदर्शनास आली. उरलेल्या अकरा कुंड्या ताठ उभ्या होत्या, पण त्यांच्यासमोर खिडकी नव्हती. ही सबब साहेबांनी ग्राह्य धरली नाही.

माळीकाकांना बोलावण्यात आले. एकोणीस वर्षे या कार्यालयातली एकेक कुंडी त्यांनी लेकरासारखी वाढवली होती.

"हे कुणाला विचारून वाकलं?" साहेबांनी विचारले.

"उजेडाला विचारून, साहेब. शेंड्यात एक संप्रेरक तयार होतं. उजेड एका बाजूने आला की ते सावलीच्या बाजूला उतरतं. ती बाजू जास्त वाढते आणि झाड उजेडाकडे वळतं."

"म्हणजे शेंड्यातून परस्पर आदेश निघतात?"

"तसंच म्हणायचं."

"मग शेंडा खुडा."

काका कळवळले. "साहेब, शेंड्याचा धाक असतो म्हणून खालचे कोंबांचे डोळे निजून असतात. शेंडा गेला की सगळे एकदम जागे होतील. बगलेबगलेतून फांद्या फुटतील."

"एक वरिष्ठ हलवला म्हणून खालचे सगळे कामाला लागले, असं या इमारतीत आजवर घडलेलं नाही," साहेब म्हणाले आणि त्यांनी सही केली.

तीन आठवड्यांत कुंडी सातला नऊ फांद्या फुटल्या. त्यांतली एक हेडक्लार्कबाईंच्या दारात आडवी आली. बाईंनी तत्काळ 'विनापरवाना विस्तार' अशा शीर्षकाची टिपणी सादर केली आणि शिक्षा म्हणून झाडाचे पाणी आठवड्यातून एकदा करण्यात आले.

आठ दिवसांनी साहेब पाहणीस आले. झाड मलूल होते, पण उभे होते.

"कसं काय तगलं?"

"मुळं कोरडी पडली की आतून निरोप जातो," काका म्हणाले. "मग झाड पानांवरची बारीक तोंडं मिटून घेतं. आहे तेवढ्या ओलीवर दिवस काढतं."

साहेबांचा चेहरा उजळला. "वा! अशी काटकसर आपल्या एकाही विभागात नाही. पाणी आणखी निम्मं करा."

झाड मेले असते तर पाणी वाढले असते. जगले, म्हणून कमी झाले.

पुढच्या पंधरवड्यात अळ्या आल्या. अशक्त झाड बघूनच त्या सातवर तुटून पडल्या. काकांनी औषध मागितले, तेव्हा अळ्या कोणत्या विभागाच्या अखत्यारीत येतात याविषयी मार्गदर्शन मागवण्यात आले. ते यायच्या आत झाडाने आपले आपण पाहिले. पाने कडू पडली. अळ्यांनी दोन घास घेतले, तोंड वाकडे केले आणि त्या आठकडे निघाल्या. आठची पाने तोवर कडू झालेली होती. नऊचीही.

"हे कसं शक्य आहे?" हेडक्लार्कबाई ओरडल्या. "अळी आठवर पोचलीच नव्हती!"

"बाई, कुरतडलेलं पान एक वास सोडतं. शेजारच्या झाडाला तो कळतो, मग ते आधीच तयारीला लागतं."

बाईंनी जावक नोंदवही उघडली, मग आवक. दोन्हींत काही नव्हते. "सातकडून आठला निरोप गेला, आठने त्यावर कार्यवाही केली, आणि नोंद कुठेच नाही! माझ्या बत्तीस वर्षांच्या नोकरीत या खोलीतून त्या खोलीत कागद सहा दिवसांच्या आत गेलेला नाही!"

प्रकरण आता गंभीर झाले होते. विनानोंद पत्रव्यवहार रोखण्यासाठी बाराही कुंड्यांवर प्लास्टिकच्या पिशव्या बांधण्याचा हुकूम निघाला. काकांनी बांधायला नकार दिला. "माझ्या हाताने नाही व्हायचं ते," एवढेच म्हणाले. त्यांना कारणे दाखवा नोटीस मिळाली आणि पिशव्या शिपायाने बांधल्या.

पिशव्यांत कोंडलेल्या झाडांनी मग एकेक पान सोडायला सुरुवात केली. चौकशी समितीने निष्कर्ष काढला, की पानांनी पूर्वसूचना न देता सामुदायिक राजीनामे दिले असून सूत्रधार कुंडी क्रमांक सात आहे. बाराही झाडे निर्लेखित होऊन नोंदवहीतून बाद झाली. त्यांच्या जागी प्लास्टिकची जास्वंद आली, बारमाही फुललेली. काकांची नेमणूक तिच्यावरची धूळ पुसण्यावर झाली.

निर्लेखित माल फेकण्याचे काम त्यांच्याकडेच असल्याने सातचे खोड त्यांनी घरी नेले आणि गॅलरीत ठेवले. महिन्याभराने सून म्हणाली, "बाबा, याला पालवी फुटलीय बघा. पण सगळं कठड्याबाहेर वाकलंय. काठी लावू का?"

"नको गं पोरी," काका म्हणाले. तिला आपले भरून आलेले डोळे दिसू नयेत म्हणून ते उगाच कुंडीतली माती उकरत बसले.

इकडे कार्यालयात मुख्यालयाचे निरीक्षक आले. प्लास्टिकच्या रोपांवर ते बेहद्द खूश झाले. चालत चालत ते आमच्या रांगेपाशी आले. आम्ही सकाळपासून दाखल्यासाठी उभे होतो. पंखा बंद होता, पाणी नव्हते आणि खिडकीवर 'थोड्याच वेळात' अशी पाटी होती. निरीक्षकांनी आम्हाला निरखून पाहिले.

"हीसुद्धा प्लास्टिकचीच मागवली का?"

"नाही साहेब, ही खरी आहेत," हेडक्लार्कबाई अभिमानाने म्हणाल्या. "पण काही त्रास नाही यांचा. वळत नाहीत, कडू होत नाहीत, शेजारच्याला काही कळवत नाहीत."

आम्हाला ते कौतुक वाटले. माझ्या पुढचे गृहस्थ तर संकोचून हसले. आणि तुम्ही, माझ्या मागून तिसरे, हळूच विचारलेत, "रांग सरकली का हो?"