चित्राताईंचा गुडघा

डोंबिवलीच्या हॉलमध्ये मंगळागौरीची प्रॅक्टिस सुरू होऊन पाच मिनिटं झाली नाहीत, तोच चित्राताईंची नजर बाथरूमच्या दाराकडे गेली. हल्ली जातील तिथं त्या आधी ते दार शोधायच्या. वय चोपन्न, फुगडीत वीस वर्षं ग्रुपात पहिला नंबर, आणि आता जरा उडी मारली, शिंक आली, की कपडे ओले. सांगायचं कुणाला? दुपारपासून पाणी पिणं तोडून बघितलं, तरी त्या दिवशी फुगडीत घात झालाच. त्या गपकन थांबल्या आणि तोंडाला आलं ते बोलून गेल्या, "गुडघा गेला गं."

झालं! गुडघा म्हटलं की आपल्याकडे घरोघरी डॉक्टर. शेजारच्या, ग्रुपातल्याच शालूताईंनी तेल दिलं, लेक अंतरा हिनं ऑनलाइन पट्टा मागवला. ग्रुपच्या म्होरक्या मालनताईंनी चित्राताईंना खुर्चीत बसवून गाणी म्हणायला लावलं आणि त्यांची फुगडी जागृतीला दिली. कालची पोर ती! स्पर्धा दहा दिवसांवर. चित्राताईंचा नुसता जळफळाट झाला, पण लंगडणं भाग होतं. माणसानं खोटं बोलावं, पण निदान डावं की उजवं एवढं तरी लक्षात ठेवावं की नाही? नवऱ्यानं, गुरुदत्तांनी, नेमकं पकडलं.

"अगं, काल डावा होता ना?"

"आता दोन्ही," चित्राताई म्हणाल्या. मग काय, दुसऱ्याच दिवशी दोन्ही गुडघ्यांची वरात ठाण्याला, हाडांच्या डॉक्टरीणबाईंकडे.

एक्स-रे बघून बाई म्हणाल्या, गुडघे उत्तम आहेत. मग गुरुदत्तांना बाहेर बसवून त्यांनी नक्की काय होतंय ते विचारलं, आणि चित्राताईंना रडूच फुटलं. बाळंतपणानंतर, पाळी गेल्यावर पुष्कळ जणींना हे होतं, असं सांगून बाईंनी त्यांना वरच्या मजल्यावर फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं. तिनं व्यायाम शिकवला. लघवी रोखताना आवळतो ते स्नायू आवळायचे, दहा मोजायचे, सोडायचे. रोज तीनदा, निदान तीन महिने. पाणी पिणं तोडायचं नाही, आणि तोवर पॅड लावून खुशाल खेळायचं.

सोमवारी चित्राताई पट्टा न लावता हॉलमध्ये गेल्या. सगळ्या जमल्यावर त्यांनी सांगून टाकलं,

"माझा गुडघा ठणठणीत आहे. उडी मारली की मला लघवी आवरत नाही, म्हणून खोटं बोलले. ठाण्याच्या एका बाईंनी त्यावर व्यायाम शिकवलाय. फुगडी मीच घालणार."

जागृती मालनताईंकडे बघायला लागली. चक्कर येते असं सांगून मालनताईंनी तीन वर्षांत उडी म्हणून मारलेली नव्हती.

"चित्रा," त्या हळूच म्हणाल्या, "त्या बाईंचा नंबर मला पण दे."

मग कळलं की शालूताईंचे प्रॅक्टिसच्या दिवशीचे निर्जळी उपासही तसलेच होते.

दुसऱ्या दिवशी गुरुदत्त शालूताईंची तेलाची बाटली परत द्यायला हॉलवर आले. बघतात तर नऊ बायका खुर्च्यांवर ताठ, समोर नजर लावून, मुकाट बसलेल्या.

"आज प्रॅक्टिस नाही का?"

"चाललीय की," मालनताई म्हणाल्या. "दहा मोजून होईस्तोवर बोलू नका."

गुरुदत्त बिचारे बाटली धरून दारातच उभे राहिले आणि मनातल्या मनात दहा मोजायला लागले.