मागून कुंकू लावलेला रेडिओ

वस्तूंच्या बाबतीत मी अजिबात भावनाप्रधान नाही, असं मी चारचौघांत अभिमानाने सांगत असे. म्हणूनच बाबांना जाऊन वर्ष झाल्यावर त्यांचा रेडिओ ऑनलाइन लिलावात विकायचं मी ठरवलं. तेही रीतसर अभ्यास करून.

रेडिओ म्हणजे आखातातल्या आमच्या अल रय्यानच्या घरात, हॉलमध्ये टीपॉयवर ठाण मांडून बसलेलं, लाकडी पेटीतलं व्हॉल्व्हचं धूड. आई रोज म्हणायची, "केवढी जागा खातोय तो." मला वाटलं, तिला तो बघवत नाही.

अभ्यासातून कळलं, की जुन्या रेडिओची किंमत नुसत्या वयावर ठरत नाही. बटणं मूळची हवीत, मागचं पुठ्ठ्याचं झाकण शाबूत हवं, डायलच्या काचेवरची शहरांची नावं वाचता यायला हवीत. वाजतो की नाही, हा प्रश्न बराच खाली. आणि मुख्य म्हणजे, घासूनपुसून चकचकीत करायचा नाही. हे मी वाचलं तेव्हा माझ्या हातात ओला फडका होता.

मागच्या झाकणावरचा लाल डाग तोवर निम्मा गेला होता. दर खंडेनवमीला बाबा मल्टिमीटर, स्क्रूड्रायव्हर आणि रेडिओची पूजा करायचे. रेडिओला कुंकू मागून, कारण पुढून लावलं तर आई ओरडायची.

मी फक्त समोरून फोटो काढले आणि वर्णन लिहून टाकलं. बोली लागली. साइटवर बोली लावणाऱ्याचं नाव झाकलेलं असतं; पहिलं आणि शेवटचं अक्षर, मध्ये चांदण्या. या कुणा 'टी-चांदण्या-ए'चा लगेच इंग्रजीत निरोप आला: कृपया मागचा लाल डाग पुसू नये.

"बघ आई, याला म्हणतात जाणकार," मी म्हणाले. "मागचा फोटो नसताना डाग ओळखला."

"असतात बाई एकेक," आई म्हणाली आणि आमटी ढवळत राहिली.

मी आयुष्यात भरपूर वाचलंय. त्यात रहस्यकथाही आहेत. उपयोग शून्य.

लिलाव संध्याकाळी सातला संपणार होता. दुपारी पॅकिंगसाठी मी रेडिओ उचलला. खाली टीपॉयवर त्याच्याच आकाराचा चौकोन उरला होता, बाकीच्या लाकडापेक्षा गडद. मी रेडिओ परत ठेवला. परत उचलला. परत ठेवला. मग सोफ्यावर बसले आणि लक्षात आलं, की मला हा विकायचाच नाहीये.

पण बोली लागल्यावर वस्तू मागे घेता येत नाही, असा साइटचा नियम. विक्रेत्याने स्वतः बोली लावायची नाही, हा दुसरा नियम. म्हणून मी माझ्या नवऱ्याच्या, अमेयच्या, खात्यातून बोली लावली.

आई तेव्हा आपल्या खोलीत वरच्या मजल्यावरच्या ताहेरुन्निसाबरोबर सिरियल बघत होती. मी बोली लावली की आतून 'टिंग' वाजे. मग ताहेरुन्निसाचा दखनी हेलातला आवाज येई, "अम्मा, उनो फिर बढ़ा दिए!" त्यावर आईचं हिंदी, "बढ़ाव, बढ़ाव. छोडने का नहीं."

सिरियलमध्ये हुंड्याचा प्रसंग चालला असावा, असं मी धरून चालले.

रेडिओ मिक्सरच्या किमतीला पोचला. मग वॉशिंग मशीनच्या. टी-चांदण्या-ए हटेना. रेडिओ पुण्याच्या विमान तिकिटाशी आला तेव्हा वेस्ट बेमधल्या ऑफिसातून अमेयचा फोन आला.

"नुपूर, मी मीटिंगमध्ये आहे आणि मला मेल येतायत की मी एका रेडिओवर आघाडीवर आहे. खातं हॅक झालंय. मी पासवर्ड बदललाय, कार्डही ब्लॉक केलंय."

"अरे, मीच..."

"घाबरू नकोस. खलास, विषय संपला, सगळं सेफ आहे." फोन बंद.

मी परत फोन लावला. उचलला नाही. खात्याने मला बाहेर काढलं होतं. मी माझ्या खात्यावरून नुसतं बघत बसले. टी-चांदण्या-ए आणखी एक बोली लावून पुढे गेला. सात वाजले. विकला गेला.

तोंड धुऊन मी आईच्या खोलीकडे गेले. काहीही असलं तरी तिला सांगायला हवं होतं. दार उघडलं, तर ताहेरुन्निसा आईला मिठी मारून "मुबारक हो अम्मा" म्हणत होती. टीव्ही बंद होता.

"आई, रेडिओ गेला गं."

"कुठे गेला? मीच घेतलाय." आईने ताहेरुन्निसाच्या फोनकडे बोट दाखवलं. "पण तो दुसरा मेला कोण होता, सारखा चढवत होता!"

दुसऱ्या मेल्याने मान खाली घातली.

"मग रोज जागा खातोय, जागा खातोय का म्हणायचीस?"

"तू त्याच्याकडे बघायचीस आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडायचीस. म्हटलं, तुझ्यासमोरून जाऊ दे. माझ्या खोलीत ठेवला असता, चादर टाकून."

"मला विचारायचंस ना!"

"तू विचारलंस?"

अमेय घरी आला तेव्हा आम्ही तिघी रेडिओ उचलून आईच्या खोलीत नेत होतो. हॉल ते बेडरूम. या डिलिव्हरीसाठी साइटने विमान तिकिटाएवढ्या किमतीवर कमिशन कापून घेतलं. आईने मागचं झाकण बघितलं आणि उरलेल्या निम्म्या कुंकवावरून बोट फिरवलं.

सकाळी माझ्या खात्यावर ग्राहकाचा अभिप्राय आला. आईने सांगितलेला, ताहेरुन्निसाने टाइप केलेला. पाचपैकी चार तारे. वस्तू उत्तम, विक्रेती न विचारता पुसते.