पाक प्रायित्नोंचे उजळलेले दात

"आता कॉफीपण नको?"

पाक प्रायित्नोंनी मान हलवली. मग ताटातला काळ्या गोड सोया-रसात परतलेला टोफू दोन बोटांनी उचलून त्यांनी बायकोच्या ताटात ठेवला, हिरवी भाजी कडेला सारली, मिरचीच्या लालभडक साम्बालकडे पाठ फिरवली आणि नुसता पांढरा भात औषध घेतल्यासारखा गिळायला सुरुवात केली.

बू लास्त्री कमरेवर हात ठेवून बघत राहिली.

"पोट बिघडलंय का, पाकने?" नवऱ्याला ती अशीच हाक मारायची.

"अंहं."

"कुणी काही बोललं?"

"अंहं."

आता या "अंहं"चं वजन कळायचं तर माणूस कोण ते कळायला हवं. जावातल्या सोलो शहरात, जिथे मानाने पुरुषाला पाक आणि बाईला बू म्हणतात, लग्न म्हटलं की माइक पाक प्रायित्नोंच्या हातात. दरबारी जावानीजमध्ये ते नवरीच्या चालीचं वर्णन करायला लागले की नवरी मांडवात पोचून बसायची, तिचा घाम वाळायचा, तरी यांच्या तोंडी ती अजून उंबऱ्यातच असायची. एकदा एका वरमाईला भाषण ऐकता ऐकता डुलकी लागली आणि ती खुर्चीवरून खाली आली, तर ते येणंही त्यांनी चांदणं उतरल्यासारखं रंगवलं. वरमाईने टाळ्यांच्या गजरात उठून नमस्कार केला. असा माणूस कालपासून दोन अक्षरांवर आला होता आणि तीही मिटल्या ओठांतून.

भिंतीवर पाल चुकचुकली. बू लास्त्रीच्या मनातली तिच्याही आधी चुकचुकली होती.

कारण साधं होतं, पण ते पाक प्रायित्नो मेले असते तरी सांगणार नव्हते. शहरातल्या मोठ्या बातिक दुकानाच्या मालकीणबाई, बू रेत्नोवाती, यांच्या एकुलत्या एक मुलीचं लग्न ठरलं होतं. तो माइक मिळाला तर उरलेली वर्षं मानाने जाणार. नाही मिळाला तर तो बागासकडे जाणार. हा बागास म्हणजे कोवळं पोरगं, अंगात घट्ट कोट, तोंडात नारळाच्या ओल्या खोबऱ्यासारखे दात. एकदा या लग्नात तो उभा राहिला की मग शहरात पाक प्रायित्नोंना कोण विचारतं!

बू रेत्नोवातींनी पाक प्रायित्नोंची जुनी चित्रफीत बघितली होती आणि चहाचा कप ठेवत म्हणाल्या होत्या, "आवाज सोन्याचा आहे हो, पाक. पण आम्ही मांडवात भिंतीएवढा पडदा लावणार. त्याच्यावर तुमचे ते… बघू. रविवारी येऊन सांगते."

ते "ते" म्हणजे दात. लवंगेच्या विड्या, काळी कॉफी आणि गोड चहा यांनी इतकी वर्षं मेहनत घेऊन त्यांना जुन्या सागवानाचा रंग आणला होता. आणि आजवर पाक प्रायित्नोच चारचौघांत सांगत आले होते, "ते बागासबिगास तोंडाला पावडर फासतात. ज्याच्या शब्दाला तेज आहे त्याने दात कशाला घासायचे!" आता कुठल्या तोंडाने सांगणार?

म्हणून ते गुपचूप गाडीत बसून शेजारच्या जोग्जा शहरात गेले. तिथे त्यांना ओळखणारं कुणी नव्हतं. तरीही दवाखान्यात शिरताच त्यांनी काउंटरवरच्या मुलीला बजावलं, "कुणीही विचारलं, अगदी माझ्या बायकोने विचारलं, तरी मी इथे आलोच नाही. शपथ घे." मुलीने घेतली.

दातांच्या डॉक्टर तरुण होत्या. त्यांनी दातांवर गार हवेचा नुसता एक फुंकारा मारला आणि पाक प्रायित्नो खुर्चीतून वीतभर वर उडाले.

"दात फारच हळवे आहेत हो तुमचे."

"दात हळवे आहेत, मी नाही. करा तुम्ही."

"करते, पण बेताबेताने. आधी ठणका मारायचं औषध लावते, हिरड्या झाकते, मग दात उजळायचा लेप आणि लेझर. मध्ये कळ आली तर हात वर करा."

पाक प्रायित्नोंना डोळ्यांना काळा चष्मा लावला, गाल दोन्हीकडे ताणून धरणारी प्लॅस्टिकची कमान तोंडात बसवली आणि निळा उजेड सुरू झाला. त्यांनी हात इतक्या वेळा वर केला की शेवटी डॉक्टरांनी तो मांडीखाली ठेवायला सांगितला. मग आरसा पुढे आला. आरशात त्यांचाच चेहरा होता आणि त्यात दात कुणा राजपुत्राचे होते.

"आता आठवडाभर पथ्य," डॉक्टर म्हणाल्या. "कॉफी, चहा, विडी, सोया, हळद, सगळं बंद. जे पांढरं तेवढंच खायचं. नुसता भात उत्तम. गार नको, गरम नको. आणि दातांना वारा लागू देऊ नका, कळ जाईल डोक्यात. तोंड शक्यतो मिटूनच ठेवा."

डॉक्टर जोग्जाच्याच असून हे कसं बोलल्या कोण जाणे. कारण साऱ्या जावा बेटावर शेंबड्या पोरालाही माहीत आहे की धडधाकट माणूस अचानक नुसत्या पांढऱ्या भातावर आला आणि वर मौन धरून बसला, तर त्याने व्रत धरलंय. आणि असलं व्रत उगाच कुणी धरत नाही. त्याला काहीतरी हवं असतं. सत्ता तरी, पैसा तरी, नाहीतर…

"बाई!" बू केमिस म्हणाली. तिची गल्लीच्या तोंडाशी भजी-भाताची टपरी होती आणि गल्लीतली प्रत्येक बातमी तिच्या कढईतून तळून निघायची. "मी सांगते तुला लास्त्री, बाई आहे. वशीकरण. माझ्या आतेभावाने असंच केलं होतं. नुसता भात, नुसता भात, आणि एके दिवशी केशकर्तनालयवाली घरात."

"अगं, साठीला आलेत ते."

"म्हणून तर मंत्र लागतो! विशीतल्याला कशाला लागेल?"

बू लास्त्रीला हे पटलं, आणि पटलं म्हणून जास्त राग आला. तिने घरी येऊन बारकाईने पाहिलं. विडीची पेटी तशीच पडलेली. स्कूटरवर बसताना तोंडाला घट्ट गुंडाळलेला रुमाल. आणि सगळ्यात वाईट म्हणजे न्हाणीघराचं दार लावून आरशासमोर चाललेलं हसणं. तिने फटीतून फक्त पाठ पाहिली, पण पाठसुद्धा हसत होती.

"कोण आहे ती?" तिने दारातच धरलं.

"न्न्न!" पाक प्रायित्नोंनी मिटल्या ओठांनी जोरजोरात नकार दिला.

झालं. व्रत धरणाऱ्याने व्रताचं नाव घ्यायचं नसतं, हेही सगळ्यांना माहीत. नकार मिळाला म्हणजे शंकाच उरली नाही.

दुसऱ्या दिवशी बू केमिसची कोंबडी मेली. कोंबडी म्हातारी होती आणि आदल्या संध्याकाळी तिने टपरीमागचा साबण खाल्ला होता, पण मरताना तिचं तोंड पाक प्रायित्नोंच्या घराकडे होतं. त्यावरून गल्लीने ठरवलं की हे प्रकरण बाईवर थांबत नाही, हे झटपट श्रीमंत व्हायचं व्रत आहे आणि त्यात दर वेळी एक जीव द्यावा लागतो. आज कोंबडी, उद्या कोण? लोक पाक प्रायित्नोंना बघून रस्ता बदलू लागले. जे बदलत नव्हते ते जवळ येऊन हळूच लॉटरीचा आकडा विचारत होते.

पाक प्रायित्नो मनात म्हणत होते, रविवार येऊ दे. बू रेत्नोवातींसमोर एकदाच तोंड उघडतो.

रविवारी बू रेत्नोवाती आल्या, पण खुर्चीवर टेकल्यासुद्धा नाहीत. मागोमाग बू केमिस कारण नसताना साखर मागायला आली.

"पाक, मी सरळ विचारते," बू रेत्नोवाती म्हणाल्या. "माझ्या दुकानातल्या मुलीसुद्धा कुजबुजतायत. माझ्या एकुलत्या एक लेकीचं लग्न आहे. तुम्ही काय करताय?"

मग मात्र पाक प्रायित्नोंनी वाऱ्याची, ठणक्याची, कशाचीच पर्वा केली नाही. "दात!" ते ओरडले. "दात उजळून आणलेत! लेझरने! जोग्जाला जाऊन! डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, पांढरंच खा, तोंड मिटून ठेवा. व्रत नाही, बाई नाही, कोंबडी नाही! तुमच्या पडद्यासाठी केलं हो सगळं!" आणि पुरावा म्हणून त्यांनी ओठ कानापर्यंत ताणले.

बू केमिसच्या हातातली वाटी पडली.

"ही ऐकीव गोष्ट नाही बाई, हे डोळ्यांनी बघतेय मी," ती पुटपुटली. "गेल्या सोमवारी हे दात फणसाच्या बियांसारखे होते. नुसत्या भातावर… आठवडाभरात…"

"लेझरने!"

"लेझरने चष्मा जातो, पाक. माझ्या भावजयीचा गेला. दातांना लेझर कोण लावतं? दवाखान्यात दात उपटतात, उजळवत नाहीत."

"फोन करा! आत्ता विचारा!" पाक प्रायित्नोंनी दवाखान्याचा नंबर दिला. बू लास्त्रीने सगळ्यांना ऐकू जाईल असा फोन लावला.

"प्रायित्नो नावाचे गृहस्थ आले होते का हो तुमच्याकडे? मी त्यांची बायको."

पलीकडून काउंटरवरची ती प्रामाणिक मुलगी ठणठणीत आवाजात म्हणाली, "नाही बाई. या नावाचं कुणीही इथे आलेलं नाही. कधीच नाही."

पाक प्रायित्नो मटकन खाली बसले. उघड्या तोंडात वारा शिरला आणि कळ थेट टाळूत गेली. त्यांनी डोळे मिटले, ओठ मिटले आणि हात जोडल्यासारखे हनुवटीशी धरले. बघणाऱ्यांना ते साक्षात ध्यान वाटलं.

बू रेत्नोवातींनी त्यांना वरून खालपर्यंत न्याहाळलं. त्या व्यापारी बाई. समोर माल आला की तो कुठे खपेल हे त्यांना आधी दिसे.

"पाक," त्या एकदम नरम आवाजात म्हणाल्या, "ही शक्ती कुणाचं वाईट करायला नाही ना?"

मिटल्या तोंडाने "अंहं".

"मग माझ्यावर उपकार करा. लग्न उघड्या अंगणात आहे. रोज दुपारी आभाळ भरून येतंय. पाऊस थोपवणारा चांगला माणूस मला मिळतच नव्हता. येतो म्हणतो तो स्वतःच छत्री घेऊन येतो. तुम्ही बसा. माइकचं काय, तो कुणीही धरेल. बागास धरेल."

"म्म्म! म्म्म्म्म!" पाक प्रायित्नो तळमळले.

"बघा, बोलतसुद्धा नाहीत. केवढं कडक व्रत!" बू रेत्नोवातींनी पदर सावरून नमस्कार केला. बू लास्त्रीनेही केला. बाई नाही, पाऊस आहे, हे कळल्यावर तिचा जीव भांड्यात पडला होता आणि नवरा अचानक उंच दिसायला लागला होता.

लग्नाच्या दिवशी अंगणात भिंतीएवढा पडदा लागला. त्यावर बागासचे दात एकेक पाटाएवढे दिसत होते. आणि पाक प्रायित्नो स्वयंपाकघरामागे, केळीच्या खुंटाजवळ, चटईवर बसले होते. शेजारी पाऊस अडवायचा तोडगा म्हणून उलटा रोवलेला खराटा होता आणि त्याच्या काड्यांना लाल मिरच्या आणि छोटे कांदे टोचलेले होते. पुढ्यात पांढरा भात. समोरून मटणाची, नारळाच्या रश्शाची, कॉफीची ताटं जात होती आणि प्रत्येक वाढपी जाता जाता त्यांना वाकून नमस्कार करत होता. आभाळ काळंभोर होतं, पण एक थेंब पडत नव्हता.

तेवढ्यात माइकवरून बागासचा आवाज आला, "आणि आता नवरदेव अंडं फोडतील!"

पाक प्रायित्नो ताडकन ताठ झाले. अंडं? आधी नवरा-नवरीने एकमेकांवर विड्याची पानं फेकायची, मग अंडं! मोठमोठे वडीलधारे समोर बसलेत आणि हा गाढव… "आधी विडा!" ते गरजले. "विडा आधी, अंडं नंतर!"

आणि गडगडाट झाला. इतका जवळून की कांदे खराट्यावरून गळून पडले.

"पाक! तोंड!" बू रेत्नोवाती उंची रेशमात धावत आल्या. "तोंड मिटा हो, पाया पडते!"

पाक प्रायित्नोंनी तोंड मिटलं. गडगडाट लांब गेला. बू रेत्नोवाती छातीवर हात ठेवून परत फिरल्या.

योगायोग. पाक प्रायित्नो शिकलेसवरलेले होते, त्यांना योगायोग कळत होता. ढग गडगडतात, तोंड उघडतं, दोन्ही एकदम होतं, त्यात काय! त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. कुणी बघत नव्हतं. केळीच्या पानाआड होऊन त्यांनी अगदी किंचित, तांदळाच्या दाण्याएवढे ओठ उघडले.

नाकावर एक थेंब पडला.

त्यांनी ओठ मिटले. थांबले. काही नाही. पुन्हा उघडले. दुसरा थेंब.

मांडवात बागास आता नवरीच्या वडिलांच्या जागी नवऱ्याच्या काकांचे आभार मानत होता. लोक खुर्चीत चुळबुळत होते. ज्या वाक्याने सगळं सावरलं असतं ते वाक्य, गुळगुळीत, दरबारी, शेवटच्या शब्दापर्यंत पाक प्रायित्नोंच्या जिभेवर तयार होतं. त्यांनी मांडवाकडे पाहिलं. मग ढगाकडे पाहिलं, बराच वेळ, डोळे बारीक करून.

आणि ओठ घट्ट मिटून त्यांनी वाढप्याला खूण केली, थोडा भात आण.