स्वतंत्र चल बरोबर

शुक्रवारी भर दुपारी देवराव रामटेके पंक्चरच्या सोल्युशनची ट्यूब शोधायला घरी आला आणि त्याच्या हाती बायकोची वही लागली. ट्यूब फळीवर होती, वहीही फळीवर होती. ट्यूब घेऊन तो गुमान दुकानात परत गेला असता तर पुढचं रामायण घडलं नसतं. पण वही उघडी होती आणि उघड्या वहीत लाल शाई होती. लाल शाई दिसली की माणूस वाचतोच, मग तो सातवीतून शाळा सोडलेला का असेना.

त्याची बायको वच्छला सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसली होती. चामोर्शीच्या शाळेत रोज संध्याकाळी पाटोळे सर तिला आणि आणखी तिघीजणींना फुकटात गणित शिकवत. सर सांगलीकडचे, पंचविशीतले आणि बिनलग्नाचे होते. या तिन्ही गोष्टी देवरावला ठाऊक होत्या, पण त्यांची काळजी वाटावी असं आजवर काही घडलं नव्हतं.

वहीत वच्छलाच्या गोल अक्षरात लिहिलं होतं, ‘जितके मी बोलते, तितके हे गप्प बसतात. स्वतंत्र चल : मी. परतंत्र चल : हे.’ आणि त्याच्याखाली लाल शाईत सरांचं अक्षर होतं, ‘समीकरण छान जुळले आहे. स्वतंत्र चल बरोबर. परतंत्र चल चूक. मंगळवारी तयारीने या.’

देवरावनं ते तीनदा वाचलं. बायको स्वतंत्र आणि आपण परतंत्र, एवढं त्याला पहिल्या झटक्यात कळलं. बाकीचं कळावं म्हणून त्यानं खिशातल्या बिडीच्या बंडलाचा कागद फाडला, त्याच्या पाठीवर मजकूर उतरवून घेतला आणि तडक दुकान गाठलं. घाईत पूर्णविराम तेवढे घरीच राहिले.

त्याच्या सायकल दुकानाला लागून इस्तारीचं केशकर्तनालय होतं. इस्तारी रोज अख्खा पेपर वाचायचा, त्यामुळं जगात त्याला न समजलेलं असं काही नव्हतं. गिऱ्हाईक नव्हतं म्हणून तो स्वतःच खुर्चीत बसला होता. देवरावनं चिठ्ठी पुढं केली.

“कोणाची हाय म्हणून विचारू नको, इस्तारीभाऊ. नुसता अर्थ सांग.”

इस्तारीनं वाचलं आणि तो खुर्चीतून उठला. “वच्छलावहिनीची?”

“तुले कसं समजलं?”

“गप्प बसणारा नवरा म्हणजे गावात तूच हायस. आता आइक. ‘समीकरण जुळलं’ असं पेपरात कवा येते? या पार्टीतला माणूस उठून त्या पार्टीत जाते तवा! हे झालं पहिलं. आता पुढं पाह्य. ‘स्वतंत्र, चल बरोबर’. म्हणजे तू मोकळी हायस, चल माह्याबरोबर. सांगलीकडचे लोक ‘माह्यासंग’ म्हणत नाईत, ‘बरोबर’ म्हणतेत.”

देवराव मटकन बाकावर बसला. “अन् ‘परतंत्र चल चूक’?”

“नवऱ्याच्या मागं परतंत्र होऊन चालणं, हे चूक. मास्तर माणूस, चूक दाखोल्याशिवाय राहाते का?”

“पण इस्तारीभाऊ, शेवटी ‘या’ लिवलं हाय. इज्जतीनं बोलून राह्यले सर.”

“तिथंच तर पेच हाय! आधी ‘चल’ म्हणून घेतलं अन् कोणी पाह्यलं तर संशय नको म्हणून मंग ‘या’ लिवलं. पक्का गडी हाय. मंगळवारी तयारीनं जाणार हाय ती, देवरावभाऊ. आज शुक्रवार. चार दिस हायेत तुह्यापाशी.”

“मी आज सीधा विचारूनच टाकतो तिले.”

“खबरदार! विचारलं की मंगळवारी जाणारी बाई आजच जाते. तू फक्त चांगला वाग.”

देवराव आजवर वाईट वागला होता असं नाही. तो फक्त वागतच नव्हता. सकाळी दुकानात जायचा, संध्याकाळी यायचा, ताटावर बसायचा आणि वच्छला दिवसभराचं सांगत असताना हूं हूं करत जेवायचा. आपण हूं हूं करताना समोरचं माणूस मनातल्या मनात पेटी भरत असेल, हे त्याच्या कधी ध्यानात आलं नव्हतं. आता ते आलं आणि लग्नाच्या चार वर्षांत पहिल्यांदाच त्याला कळलं की ही गेली तर आपल्याला घर खायला उठेल. त्याला खरोखर रडू येत होतं.

शनिवारी सकाळी वच्छला उठली तेव्हा देवरावनं विहिरीवरून चार पितळी गुंड भरून पाणी आणून ठेवलं होतं. दुपारी त्यानं झिंग्याच्या भाजीची तारीफ केली. त्या दिवशी भाजी वांग्याची होती, पण वच्छलाचंही लक्ष नव्हतं. ती एका हातात वही धरून दुसऱ्या हातानं जेवत होती. रात्रीच्या जेवणाला तर देवराव आपणहून बोलायला लागला. सायकलींच्या किती जाती असतात इथपासून त्यानं सुरुवात केली.

“तुमची तब्येत बरी हाय ना?” वच्छलानं विचारलं.

“एकदम! तुले काई तरास हाय का इथी? असन तर सांग.”

“एकच तरास हाय. दोघांतून कोण कोणावर अवलंबून हाय, थेच मले ठरवता येऊन नाई राह्यलं. तेवढं ठरलं की सुटलं.”

“सुटलं?” देवरावचा घास हातातच राहिला.

“हव. एकदा का सुटलं की मंगळवारी मी मोकळी!” असं म्हणून वच्छला खरकटी ताटं उचलून गेली. पाटोळे सरांनी दिलेली बारा उदाहरणं तिला मंगळवारच्या सराव पेपरच्या आत सोडवायची होती आणि अकरावं अडलं होतं. देवरावला मात्र आता इस्तारीच्या अर्थाबद्दल तिळमात्र शंका उरली नाही.

रविवारी त्यानं ही गोष्ट पलीकडच्या आळीत राहणाऱ्या आपल्या आईच्या, गिरजाबाईच्या कानावर घातली. गिरजाबाईनं कपाळावर हात मारला, पण ती डोकं गमावणारी बाई नव्हती. “कापडं कुठी ठेवते ती?” तिनं विचारलं. “पेटीत,” देवराव म्हणाला. “मंग झालं तर. मंगळवारी मी पेटीवर बसते. पाहू कशी जाते.”

सोमवारी दैवानंही देवरावला हात दिला. खुद्द पाटोळे सर पंक्चर झालेली सायकल ढकलत दुकानात आले. देवरावनं ती उलटी केली, चाक फिरवलं आणि गंभीर चेहरा केला.

“सर, हे नाई होणार. बेरिंग गेल्या.”

“पंक्चरला बेरिंग?”

“आतून गेल्या, सर. गडचिरोलीवरून आणा लागते. बुधवारी भेटन.”

सर बिचारे पायी निघून गेले. बिनसायकलीचा माणूस दुसऱ्याच्या बायकोला कसा पळवतो ते बघू, असं म्हणून देवरावनं सायकल छताला टांगली. इस्तारीनं त्याची पाठ थोपटली. पण सायकल टांगल्यामुळं काय काय होणार होतं, ते दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

मंगळवारी सकाळी वच्छला न्हाऊन, धुतलेलं पातळ नेसून तयार झाली आणि रात्री आवरून पेटीत ठेवलेली वही घ्यायला गेली. पेटीवर सकाळीच येऊन गिरजाबाई मांडी घालून बसली होती.

“आई, उठा ना जरासं. मले उशीर होऊन राह्यला.”

“माहे गुडघे धरले.”

“मंग बाजीवर पडा की. माह्या वह्या हायेत आत. तिकडं सर थांबले असन!”

“थांबू दे!” गिरजाबाई अशी ओरडली की कोंबड्या अंगणातून पळाल्या. “जन्मभर थांबू दे त्याले!”

सर काही थांबले नव्हते. शाळा गावाबाहेर, सायकल दुकानात आणि देवरावचं घर अगदी वाटेवर. त्यामुळं ते चालत चालत बरोबर याच वेळी दारात येऊन उभे राहिले आणि घाम पुसत म्हणाले, “नमस्कार. वच्छलाबाई तयार आहेत का? म्हटलं, पायीच निघालोय तर इथूनच बरोबर जाऊ.”

‘बरोबर’ हा शब्द ऐकताच गिरजाबाईचे गुडघे बरे झाले. पण पेटी सोडायची नाही हेही तिच्या ध्यानात होतं, म्हणून तिनं बसल्या जागेवरूनच बोंब ठोकली. बोंब ऐकून शेजारीण धावली. शेजारणीनं दुकानात निरोप धाडला आणि देवराव हातात पाना घेऊन पळत आला. त्याच्या मागं वस्तरा घेतलेला इस्तारी आणि इस्तारीच्या मागं एका गालाला साबण लावलेलं गिऱ्हाईक आलं. पाना, वस्तरा आणि साबण पाहून पाटोळे सर भिंतीला टेकले.

“सर,” देवराव म्हणाला. “तुमी शिकले सवरले मानसं. माह्या घरात दुसरं कोणी नाई हो. हिले नका नेऊ.”

“अहो, बारा वाजता परत येतील त्या!”

“आँ?” देवरावनं इस्तारीकडं पाहिलं.

“परत आणून सोडते म्हणते,” इस्तारी पुटपुटला. हा प्रकार त्याच्याही वाचनात आला नव्हता.

आता वच्छला पुढं झाली. “कोण कोणाले नेऊन राह्यलं? काय लावलं हाय तुमी समद्यांनी?”

देवरावनं खिशातून बिडीच्या बंडलाचा तो कागद काढला आणि मान खाली घालून तिच्या हातात दिला. वच्छलानं वाचला. तिनं तो सरांकडं दिला. सरांनी वाचला, पुन्हा वाचला आणि मग इस्तारीनं अर्थ सांगितल्यावर तिसऱ्यांदा वाचला. त्यांचे कान लाल झाले आणि मग ते इतके हसले की त्यांना ओट्यावर बसावं लागलं.

“देवरावभाऊ, तो पाना ठेवा आणि ती तुमची सायकल इकडं आणा,” ते म्हणाले. देवरावनं अंगणातली आपली सायकल स्टँडवर लावली. “आता पायडल फिरवा. किती फिरवायचं ते कोण ठरवतं?”

“मीच.”

“म्हणजे पायडल स्वतंत्र. आणि मागचं चाक किती फिरणार?”

“जितकं पायडल फिरन त्या हिशोबानं.”

“म्हणजे चाक परतंत्र. दोन्ही बदलतात, एका जागी राहत नाहीत, म्हणून त्यांना चल म्हणायचं. एक स्वतंत्र चल, एक परतंत्र चल. मी या बायांना सांगितलं होतं, घरातलीच उदाहरणं लिहून आणा. वहिनींनी स्वतंत्र चल लिहिला तो बरोबर होता, म्हणून मी ‘बरोबर’ लिहिलं.”

“म्हणजे ‘चल’ म्हणजे ‘चाल माह्यासंग’ नाई?”

“नाही हो!”

देवरावनं पायडल सोडलं आणि तो तिथंच खाली मातीत बसला. चार दिवस छातीवर ठेवलेला धोंडा कोणीतरी उचलून नेला होता. त्याला हसू येत होतं, डोळ्यांतून पाणी येत होतं आणि वच्छला पदर तोंडाला लावून त्याच्याकडं पाहत होती.

“पण सर,” जरा वेळानं तो म्हणाला, “मंग मी चूक काऊन?”

“तुम्ही?”

“परतंत्र चल चूक, असं लिवलं ना तुमी. तो तर मी होतो.”

सर गोंधळले. “तिथं तर नुसतं ‘हे’ लिहिलं होतं. मी म्हटलं, हे म्हणजे कोणतं? उत्तर अर्धवट सोडलंय.”

“हे म्हणजे...” वच्छला लाजली. “हे म्हणजे, हे!” आणि तिनं देवरावकडं बोट केलं. लग्न न झालेल्या माणसाला कोणत्या गोष्टी गणितातसुद्धा कळत नाहीत, ते सगळ्यांना कळलं. गिरजाबाईसुद्धा पदराआड हसली.

“तरीही चूकच,” सर सावरून म्हणाले. “चल म्हणजे माणूस नव्हे, वहिनींच्या ‘मी’लाही मी घाईत बरोबर दिलं. मोजता येईल ते पाहिजे. वहिनी किती मिनिटं बोलल्या, तो क्ष. तुम्ही किती मिनिटं गप्प बसलात, तो य. क्ष बदलला की य बदलतो.”

“हात् तिच्या!” इस्तारी म्हणाला. “एवढंच होतं काय?” आणि साबण वाळून गेलेल्या गिऱ्हाइकाला घेऊन तो निघून गेला. जाता जाता पेपरवाल्यांना बोल लावायला विसरला नाही.

सरांनी सराव पेपर तासभर पुढं ढकलला आणि चहा आला. देवरावनं धावत जाऊन सरांची टांगलेली सायकल उतरवली, पाच मिनिटांत पंक्चर काढलं आणि बेरिंगला फुकटात ग्रीस घालून ती दारात आणून उभी केली. सुटकेच्या आनंदात त्याला आता काय देऊ आणि काय नको असं झालं होतं. वच्छलानं ते नेमकं हेरलं.

“म्या म्हणत होते,” ती म्हणाली, “दहावी पास झाली तर गडचिरोलीले नर्सबाईचं ट्रेनिंग हाय. दीड वर्साचं. तिथीच राहा लागते. फॉर्मवर नवऱ्याची सही पाह्यजे म्हणतेत.”

“जा ना!” देवराव म्हणाला. “बिनधास्त जा! पंधरा दिसाले मी येत जाइन भेटाले. आन तो फॉर्म.”

वच्छला फॉर्म आणायला आत गेली. गिरजाबाईनं पोराला जवळ ओढलं.

“अरे, म्हंजे शेवटी जाऊनच राह्यली ना ती? मंग आपण चार दिस कशापायी घाबरून राह्यलो होतो?”

“तवाची गोष्ट येगळी होती, आई,” देवराव छाती काढून म्हणाला. “तवा ती जाऊन राह्यली होती. आता मी धाडून राह्यलो.”

पाटोळे सरांनी काहीतरी दुरुस्त करायला तोंड उघडलं, पण दारात आलेल्या वच्छलानं त्यांच्याकडं नुसतं पाहिलं आणि ते उरलेला चहा पिऊ लागले. तिनं फॉर्म देवरावपुढं धरला आणि जागा दाखवली. एका सहीनं काम भागत होतं. देवरावनं ऐटीत दोन केल्या.