सतरा नंबर

राऊत मॅडमच्या प्रयोगशाळेत बिघडलेल्या संयुगांना माणसांची नावं असत. जे संयुग कितीही थंड केलं तरी जमायला तयार नसे, काकवीसारखं तळाशी चिकटून बसे, त्याचं नाव अध्यक्ष. ज्याचं बूच काढलं की अख्खा मजला नाकाला रुमाल लावून बाहेर पळे, ते प्राचार्य. एक पिवळंधमक निघालं होतं, दिसायला देखणं आणि गुणाला शून्य. त्याला त्यांनी आमच्या एका सहकाऱ्याचं नाव दिलं. त्या बिचाऱ्याला त्यांच्या दारावरून जाताना आतून ऐकू येई, "देशमुख फेकून दे. काही कामाचा नाही."

डॉ. विमल राऊत अमरावतीच्या आमच्या फार्मसी कॉलेजात औषधांचं रसायनशास्त्र शिकवत. मी मूळचा अकोल्याचा. औषध शरीरात गेल्यावर काय करतं ते शिकवायचो, आणि कॉलेजचं उंदीरघर माझ्या ताब्यात होतं. रक्तातली चरबी उतरवतील अशी नवी संयुगं मॅडम तयार करत आणि मी ती उंदरांना देऊन बघायचो. मॅडमचा एकटा जीव, पन्नाशीच्या आसपासचं वय, सुती साडीवर ठिकठिकाणी आम्लानं जळलेली भोकं, आणि तोंडात एक वाक्य कायम, "मले राग येऊन राहिला." दुसरे लोक नमस्कार म्हणतात तसं त्या हे म्हणत. सकाळी वर्गात शिरताना म्हणत, संध्याकाळी कुलूप लावताना म्हणत.

राग कशाचा ते शोधावं लागत नसे. कँटीनमधल्या गिल्या वड्याच्या तेलाचा. चार झाडपाल्यांचा काढा बाटलीत भरून 'हृदयाच्या सर्व विकारांवर' म्हणून विकणाऱ्या दुकानदाराचा. त्याच्या दुकानात जाऊन त्यांनी विचारलं होतं, "यात काय हाय?" तो म्हणाला, "मॅडम, निसर्ग हाय." त्यावर मॅडम म्हणाल्या, "विंचूही निसर्गच हाय. तो भरून दे बाटलीत."

माणूस समोर आला की त्या चेहऱ्याआधी त्याच्या पापण्या बघत. "डोळे मीट," म्हणत. शिपायाला, कंडक्टरला, तोंडी परीक्षेला आलेल्या पोराला, कोणालाही. पापणीच्या आतल्या कोपऱ्यात पिवळे चट्टे दिसले तर रक्तात चरबी दाटली असण्याची शक्यता असते. एका सहकाऱ्याच्या मुलीच्या लग्नात त्यांनी नवऱ्या मुलाच्या वडलांना, ते पंगतीत हात धुऊन बसलेले असताना, डोळे मिटायला सांगितले. व्याह्यांना वाटलं, काही रीत असेल. त्यांनी मिटले. "रक्त तपासा उद्याच," मॅडम म्हणाल्या, "अन् ते श्रीखंड ठेवा तिथंच." मोठा तमाशा झाला. पुढं त्याच व्याह्यांचा आभाराचा फोन आला, तर मॅडम त्यांच्यावरही चिडल्या. "आभार नोको. गोळ्या घेता का नाही ते सांगा."

पण हे सगळं गजूनंतरचं. त्याआधी मॅडम जंतू मारणाऱ्या संयुगांवर काम करत आणि माणसासारख्या बोलत, असं जुने लोक सांगत. मी नोकरीला लागलो त्याच साली गजू गेला.

गजानन म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ. चांदूर बाजारजवळच्या गावी राहायचा. संत्र्याचा बगीचा, बायको सुनंदा, एक मुलगी. शरीरानं काडी. ना दारू, ना तंबाखू. चाळिशी नुकती ओलांडलेली. एका सकाळी झाडाला शिडी लावली आणि तिच्या पायथ्याशीच बसला, तो उठला नाही.

निरोप आला तेव्हा मी मॅडमना माझ्या स्कूटरवर घेऊन गेलो. आम्ही पोचण्याआधी दोन पत्रकार आणि एक पुढारी पोचले होते. ती वर्षंच तशी होती. आमच्या अमरावती-अकोल्याची नावं पेपरात यायची ती एकाच कारणासाठी, आणि शेतकरी मेला की त्यानं काय प्यालं एवढंच विचारायचं असतं, असं बाहेरच्यांनी ठरवून टाकलं होतं. माणसाला आपल्या स्वतःच्या मरणानं मरायची सोय उरली नव्हती.

पत्रकारानं विचारलं, "बाटली कुठं सापडली?"

"कशाची बाटली?" मॅडम म्हणाल्या.

"औषधाची."

आमच्याकडे पिकावर फवारायच्या विषालाही औषधच म्हणतात. मॅडम म्हणाल्या, "औषध घेतलं असतं तर आज जिता असता तो. आमचा बापही असाच गेला, काकाही असाच गेला. रक्तात हाय आमच्या. छातीत बंद पडून मेला माझा भाऊ."

पुढाऱ्यानं त्यांना बाजूला घेतलं. मी शेजारीच उभा होतो. तो हलक्या आवाजात म्हणाला, "ताई, तुमी शिकलेल्या. आत्महत्या लिहिली तर घराले सरकारी मदत भेटते. कोणाचं काय जाते?"

"गजूचं जाते," मॅडम म्हणाल्या.

त्यांनी शवविच्छेदनाचा हट्ट धरला. हृदयाच्या नळ्या चरबीनं बुजलेल्या निघाल्या, तसं कागदावर आलं, आणि मदतीचा प्रश्न तिथंच मिटला. गावात सगळे म्हणाले, शिकलेल्या नणंदेनं घर बुडवलं. तेरवीच्या दिवशी सुनंदानं चार बायकांसमोर सांगितलं, "तुमचं खरं तुमच्यापाशी ठेवा, ताई. या घरात पुन्हा येऊ नोका."

मॅडम गेल्या नाहीत. पोरीच्या शाळेसाठी त्यांनी जे जे पाठवलं ते परत आलं. त्यांनी जंतूंचं काम बंद केलं आणि चरबीचं सुरू केलं. एकदा गाळणी धरून उभ्या असताना, मी काही विचारलेलं नसताना, त्या बोलल्या. "पापणीवर पिवळे चट्टे होते रे त्याच्या. दर भाऊबीजेले ओवाळलं मी त्याले. समोर दिवा धरून. मले वाटे, उन्हानं झाले असतील." मग गाळणीतला कागद फाटला आणि त्या कागदाच्या कारखान्यावर चिडल्या.

संयुगामागून संयुग फुकट जात होतं. मग सतरा नंबर आलं. पांढरे, स्वच्छ, सुईसारखे स्फटिक. त्याला त्यांनी कोणाचंही नाव दिलं नाही. आम्ही उंदरांना वनस्पती तूप चारून चारून त्यांच्या रक्तात चरबी चढवायचो. रक्त स्थिर ठेवलं की वर येणारं पाणी दुधासारखं गढूळ दिसायचं. सतरा नंबर दिलेल्या उंदरांचं पाणी नितळ निघालं. मी नळी घेऊन धावतच वर गेलो. मॅडमनी ती उजेडाकडे धरली, बराच वेळ बघितली आणि म्हणाल्या, "पुन्हा कर."

पुन्हा केलं. पुन्हा नितळ. त्या दिवशी त्या कोणावरही चिडल्या नाहीत. शिपायाला वाटलं, त्यांना ताप आहे.

बातमी प्राचार्यांकडे गेली, प्राचार्यांकडून संस्थेच्या अध्यक्षांकडे. अध्यक्षांना निवडणुकीआधी काहीतरी हवंच होतं. मंत्र्यांची तारीख मिळाली, मांडव पडला, 'वऱ्हाडच्या मातीतलं हृदयाचं औषध' असा फलक रंगला. मॅडम सांगत होत्या, अजून जास्त दिवस देऊन बघायचं आहे, त्याआधी हे औषध नाही. कोणी ऐकत नव्हतं. "संशोधक लोक विनयशीलच असतात," अध्यक्ष म्हणाले. मॅडमना विनयशील म्हणणारा तो पहिला आणि शेवटचा माणूस.

कार्यक्रमाच्या आदल्या सकाळी आम्ही जास्त दिवस औषध दिलेले उंदीर उघडले. पहिल्याचं यकृत फिकट होतं, डाग पडलेलं. दुसऱ्याचं तसंच. नंतर मी नुसती एकेक ताटली पुढं सरकवत गेलो.

मॅडम स्टुलावर बसल्या. "कोलेस्टेरॉल बनवते कोण? लिव्हर. तेच बिमार पाडलं आपण. मग चरबी बनवंल कोण, अन् उतरणार नाही तर काय." आवाजात राग नव्हता. मला तेच सहन होईना.

आम्ही प्राचार्यांकडे गेलो. ते म्हणाले, "मॅडम, उंदरांचं काय एवढं? कार्यक्रम होऊन जाऊ द्या, मग सावकाश सांगा." हे वाक्य आठवलं की अजून माझी कानशिलं तापतात. हा माणूस औषधं बनवणारी पोरं घडवायच्या खुर्चीवर बसला होता.

कार्यक्रमात अध्यक्ष अर्धा तास बोलले. हे औषध लवकरच गावागावांत पोचेल, असं म्हणाले. टाळ्या झाल्या. शाल घालायला मॅडमना पुढं बोलावलं, तेव्हा त्यांनी शाल घेऊन आलेला हात बाजूला केला आणि माईक घेतला.

"सतरा नंबरनं चरबी उतरते," त्या म्हणाल्या. "कारण लिव्हर मरते. हे औषध नाही, जहर हाय. मीच बनवलं म्हणून मीच सांगून राहिली. टाळ्या वाजवायच्या असतील तर उंदरांसाठी वाजवा. त्यायनं तुमचा जीव वाचवला."

मागच्या बाकांवरच्या पोरांनी खरोखरच टाळ्या वाजवल्या. मंत्री आधी हसले, मग अध्यक्षांकडे बघून थांबले. मॅडम मंचावरून उतरल्या त्या सरळ प्रयोगशाळेत गेल्या आणि काचेची भांडी धुवायला लागल्या.

आठवडा उलटायच्या आत त्या प्रयोगशाळेला नवीन कुलूप लागलं. मॅडमना पहिल्या वर्षाची प्रात्यक्षिकं देऊन तळघरातल्या खोलीत पाठवलं. माझं उंदीरघर दुरुस्तीच्या नावाखाली बंद केलं. पेपरांनी 'संशोधनाचा फुगा फुटला' असं छापलं. ज्यांनी तो फुगा फुगवला त्यांचे फोटो त्याच पानावर दुसऱ्या कुठल्यातरी उद्घाटनात हसत होते. मी रोज घरी जाऊन बायकोला हेच सांगायचो, आणि रोज जेवण गार व्हायचं.

पंधरवडा गेला असेल. दुपारी शिपाई एक बाई आणि एक मुलगी घेऊन तळघरात आला. मी तिथंच बसलो होतो. बाई दाराशीच थांबली. सुनंदा होती. केस पांढरे झाले होते, तरी मी ओळखलं. मॅडम हातात परीक्षानळ्यांचं स्टँड घेऊन उभ्याच राहिल्या.

"ही मयुरी," सुनंदा म्हणाली. "दहावीले हाय आता. चालली की दमते. गावचे डॉक्टर म्हणते, काही नाही, वयात आलेल्या पोरीले होते असं. जमाई पाहायचा हाय म्हणून भावकी म्हणते, काही असलं तरी बोंबलू नोको." तिनं पोरीला पुढं केलं. "पेपरात वाचलं तुमचं. एवढ्या मोठ्या लोकाइसमोर खोटं बोलल्या नाही तुमी. मनात म्हटलं, पोरीचं जे असंल ते तुमीच खरं सांगसान."

मॅडमनी स्टँड खाली ठेवलं. मला वाटलं आता त्या चिडतील. इतक्या वर्षांचं काहीतरी बाहेर पडेल. त्या म्हणाल्या, "बसा ना, वहिनी. पाणी घ्या." मयुरीला त्यांनी डोळे मिटायला सांगितलं नाही. नुसता तिच्या डोक्यावरून हात फिरवला, आणि तो काढून घ्यायचा विसरल्या.

रक्त तपासलं. आकडा वाईट होता. मी ओळखीच्या हृदयाच्या डॉक्टरांकडे त्यांना घेऊन गेलो. त्यांनी सगळं तपासलं, बाजारात मिळणाऱ्या गोळ्या लिहून दिल्या, दर थोड्या दिवसांनी यकृताची तपासणी सांगितली, आणि वेळेत आणलंत म्हणाले. बाहेर व्हरांड्यात मयुरीनं विचारलं, "आत्या, मी बाबांसारखी मरीन का?"

"गोळी नाही घेतली तर मरशीन," मॅडम म्हणाल्या. "घेतली तर म्हातारी होशीन. माझ्यासारखी खडूस. कोणतं पाहिजे?"

पोरगी आईकडे बघून हसली. "म्हातारी."

"मग रोज घ्याची. मी विचारीन."

संध्याकाळची चांदूर बाजारची गाडी फलाटाला लागली. मी खिडकीतून रुमाल टाकून जागा धरली, दोघी आत बसल्या. मॅडम खिडकीखाली उभ्या होत्या. मयुरीला गोळी जेवणानंतर घ्यायची, हे त्यांनी तिला पुन्हा सांगितलं. पाण्याबरोबर घ्यायची, हेही सांगितलं. कंडक्टरनं घंटी मारली तरी त्या हलेनात. मग त्यांनी खिडकीची कांब धरली आणि मी कधी ऐकला नव्हता अशा आवाजात विचारलं, "वहिनी, मी येऊ का तुमच्यासंगं?"

सुनंदानं शेजारची पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि सरकून बसली.

मॅडम चढल्या. दारातून वळून माझ्यावर ओरडल्या, "उद्याचा तास घे माझा. अन् पोट्ट्यांले भांडे नीट धुवाले लाव."