आर्णीचं एकसदस्यीय नीतिमंडळ

सुखदेवराव बाजारात काळा चष्मा लावून फिरत. ऊन असो वा नसो. मी आर्णीच्या शाळेत नवा मास्तर होतो आणि त्यांच्या शेजारची खोली मला मिळाली होती. मला वाटलं, गृहस्थांचे डोळे आले असावेत. तसं विचारलं, तर म्हणाले, "डोळे चांगले हायेत मास्तर, पन आत्ता ड्युटीवर नाहीत. चुकून भाजीवालीकडे टक लावून पाह्यलं, अन् ती तिथंच झोपली म्हंजे?"

त्यांच्या नजरेनं कोणी भाजीवाली झोपल्याचं मी पाहिलं नाही. उलट वांग्यांचा भाव करताना त्यांनाच घाम फुटे. पण घरी ते संमोहनानं उपचार करत, आणि तिथे मात्र गमतीला जागा नव्हती. कुणाची झोप उडालेली असे, कुणाची बिडी सुटत नसे. उपचाराच्या वेळी दार सताड उघडं, पेशंटचं घरचं माणूस समोर, आणि ज्या दुखण्यासाठी आला त्यापलीकडे एकही प्रश्न नाही. सुरुवातीला तीनदा विचारायचे, "परवानगी हाय?" तिसऱ्यांदा पेशंट वैतागून ओरडे, "हाय ना बाप्पा! किती डाव सांगू?" मगच डोळे ड्युटीवर येत.

एका रविवारी भिंतीपलीकडून भांडण ऐकू आलं. धावत गेलो, तर सुखदेवराव एकटेच. समोर तीन खुर्च्या. एका खुर्चीवर बसून त्यांनी आरोप वाचला, दुसरीवर जाऊन मान खाली घातली, तिसरीवर येऊन निकाल दिला. आरोप असा, की गणपतची बिडी सुटल्याचं त्यांनी हॉटेलात चहा पिताना सांगितलं. पेशंटची गोष्ट बाहेर गेली. शिक्षा, पंधरा दिवस उपचार बंद. दारावर लगेच पाटी लागली: 'मंडळाच्या आदेशावरून बंद.'

मला हसू आवरेना.

"हसा," ते म्हणाले. "पन आमच्या कामावर कोनाचाच वचक नाही. कोनीबी येते, डोळे वटारते, डॉक्टर होते. दुसरं कोनी धरत नाही, मंग आपुनच आपल्याले धरा लागते." आणि त्यांनी तिसरी खुर्ची माझ्याकडे सरकवली. या तीन खुर्च्यांना ते नीतिमंडळ म्हणत; मी त्याचा सदस्य झालो तो असा.

सदस्य म्हणून मी एक बडा शेतकरी परत जाताना पाहिला. तो आपल्या सालदाराला, वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याला, दंडाला धरून घेऊन आला होता. "याले झोपवा, अन् पान्याचा पितळी गुंड कुठं लपवला ते वदवून घ्या."

सुखदेवरावांनी सालदाराला विचारलं, "तुह्यी परवानगी हाय?" तो मालकाकडे न पाहता नाही म्हणाला. "मंग झालं," सुखदेवराव म्हणाले आणि त्यांनी चष्मा चढवला. शेतकरी शिव्या देत गेला. चार दिवसांनी गुंड त्याच्याच विहिरीत सापडला. मी ते वर्गात मुलांना तिखटमीठ लावून सांगितलं.

मंडळाचे आरोप आणि निकाल एका वहीत लिहिले जात, तिचं पहिलं पान मात्र सुखदेवराव उघडू देत नसत. एकदा मी ते चोरून वाचलं. 'ढाणकीच्या शंकरला न विचारता कोंबडा केला. शिक्षा: जन्मभर खेळ बंद.' मग त्यांनीच सगळं सांगितलं. तरुणपणी सुखदेवराव जत्रांमध्ये संमोहनाचे खेळ करत. ढाणकीत दोस्तांनी शंकरला ढकलत स्टेजवर आणलं आणि सुखदेवरावांनी त्याला आरवायला लावलं. टाळ्या पडल्या. पण त्या दिवसापासून गावानं त्याचं नावच कोंबडा ठेवलं आणि चारचौघांत त्याची जीभ अडखळू लागली.

एका उन्हाळ्यात मी सुखदेवरावांकडे बसलो असताना तोच शंकर दारात उभा राहिला. सोबत बायको. सुखदेवरावांनी त्याला ओळखलं आणि घरातच काळा चष्मा चढवला.

"पंचायतीत निवडून आलो," बायकोचा हात धरून शंकर अडखळत बोलला. "उभा राह्यलो का समदे कुकूचकू करतेत. वस्तीच्या विहिरीचं बोला लागते मले. जमत नाही."

"मी तुह्यावर उपचार कराले लायक नाही," सुखदेवराव म्हणाले. "मंडळाले विचारा लागन."

मंडळ म्हणजे मी. ते स्वतः आरोपीच्या खुर्चीवर जाऊन बसले. मी शंकरला विचारलं, "तुमचं काय म्हणणं?"

शंकर म्हणाला, "त्या दिवशी मले कोनी इचारलं नोतं. आज इचारा म्हना."

सुखदेवरावांनी चष्मा काढला. "परवानगी हाय?" दुसऱ्यांदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारताना त्यांच्या डोळ्यांतून धार लागली होती.

"हाय," शंकर म्हणाला. अजिबात न अडखळता.

उपचार महिनाभर चालले. मग पंचायतीच्या सभेत शंकर विहिरीवर बोलला. दोन ठिकाणी अडला, पण बोलणं संपेपर्यंत खाली बसला नाही. सगळ्यात मागे काळा चष्मा लावून सुखदेवराव उभे होते, आणि शेजारी मी. आपण या माणसाचे शेजारी आहोत, याचा मला इतका अभिमान वाटला की मीच सगळ्यांच्या आधी टाळ्या वाजवल्या.

घरी येताच मी वही ओढली आणि पहिल्या पानावर लिहिलं, 'आरोपी निर्दोष.'

"खोडा ते मास्तर," सुखदेवराव हळूच म्हणाले. "परवानगी भेटली, एवढंच लिहा."

तेवढंच लिहिलं. खाली सदस्य म्हणून माझी सही आहे.